पोरगी म्हणती तर आसंल

"हलू नगंस माझ्या राजा. तुझा डोळा काय खात न्हाई मी," असं म्हणत आईनं चिन्मयचं डोकं मांडीवर घट्ट धरलं आणि अंगठ्यानं त्याची पापणी वर उचलली. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होते. देशमाने बाई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या होत्या. वर्गातल्या द्वाड पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करणाऱ्या आमच्या बाई, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चिन्मय बाईंचा एकुलता एक, साडेचार वर्षांचा. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तो शाळेमागच्या कडब्याच्या गंजीवरून घसरगुंडी खेळत होता. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा कडब्याचं एक वाळकं पान त्याच्या उजव्या डोळ्याला लागलं. त्यानं असा गळा काढला की हापशावरच्या बायका घागरी टाकून बघायला आल्या. बाईंनी त्याला उचलून शाळेच्या आवारातल्या आपल्या राहत्या खोलीत नेलं आणि मला पिटाळलं, "सारिका, पळ, आईला बोलव." आई तेव्हा शाळेच्या स्वयंपाकखोलीत खिचडीची पातेली घासत होती. राखेचे हात दोनदा धुऊन ती तशीच आली.

"टोचतंय! आत टोचतंय!" चिन्मय ओरडत होता.

"आत काहीतरी आहे, भामाबाई," बाई म्हणाल्या. "नीट बघा ना."

आईनं पुन्हा पाहिलं. वरची पापणी उलटी केली, खालची ओढली, त्याचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"आत काय बी न्हाई," ती म्हणाली. "पान वरबाडून गेलंय. बुबुळाच्या कडंला बारीक वरखडा हाय. टोचल्यावानी वाटतं त्ये त्याचंच."

बाईंनी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भामाबाई, एकदा जीभ लावून बघता का?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. वीस वर्षं झाली, पण आजही ते सांगताना माझा आवाज चढतो, कारण या वाक्याच्या मागे काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि वाक्य मात्र आम्ही दोघींनीच ऐकलं.

आमच्या पळसवाडीत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, भुसा गेला, किडा गेला, की डॉक्टरच्या आधी माझी आई आठवायची. हे तिच्याकडे तिच्या आईकडून आलेलं. माणसाला आडवं घ्यायचं, तीन वेळा चूळ भरायची, पापणी उलटी करायची आणि जिभेच्या शेंड्यानं एका फटक्यात कचरा काढायचा. मळणीच्या दिवसांत आमच्या दारात रांग लागायची. आई त्याचा चहासुद्धा घेत नसे. त्या हंगामात ती मिश्री लावायची नाही, कच्चा कांदा खायची नाही. गावात तिला जो काही मान होता तो एवढाच होता, आणि तो तिला पुरायचा.

मग देशमाने बाई आल्या. संक्रांतीला त्यांनी शाळेत हळदीकुंकू ठेवलं आणि वाण द्यायच्या आधी आरोग्यावर भाषण केलं. जिभेनं डोळ्यात जंतू जातात, डोळा कायमचा जाऊ शकतो, हे सगळं फळ्यावर चित्र काढून समजावलं. नंतर सगळ्या बायकांच्या देखत आईला उभं केलं. "भामाबाई, तुम्ही शब्द द्या. उद्यापासून कुणाच्या डोळ्याला जीभ लावणार नाही म्हणून." मुख्याध्यापक मुळीक सर बाजूलाच बसले होते. त्यांनी वर पुस्ती जोडली, "आणि ह्यापुढं लावलेली दिसली, तर त्या हाताची खिचडी पोरांना घालणार नाही आपण." आईचा चेहरा उतरला होता, पण तिनं शब्द दिला. वर घरी येऊन मलाच म्हणाली, "तुझ्या बाई शिकल्याल्या हायती. त्यांचं खरं आसंल. कुणाच्या पोराचा डोळा माज्यामुळं जायाला नगं."

तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. लोक दारात आले की ती त्यांना उकळून गार केलेलं पाणी द्यायची, डोळा उघडा धरून धुवायला लावायची, आणि तालुक्याचा रस्ता दाखवायची. आमच्या शेजारची गिरजाकाकू तिच्या नातवाला घेऊन आली तरी आई बधली नाही. काकू फणकाऱ्यानं म्हणाली, "भामी आता मास्तरीण झाली!" तिनं महिनाभर आमच्याशी अबोला धरला.

आणि आता त्याच बाई बंद दाराआड आईला म्हणत होत्या की जीभ लावा.

"न्हाई बाई," आई म्हणाली. "तुमीच शबूद घेतलाया माज्याकडनं."

"इथं कोण बघतंय? सारिका काही बोलायची नाही."

"कुणी बघू न्हाईतर नगा बघू. आन काडायला आत काय आसाया तर पायजे? वरखड्यावर जीभ फिरवून काय व्हणार?" आईनं चिन्मयला उठवून बसवलं. "पाणी उकळा, गार करा, त्यानं डोळा धुवा. नखं काडा त्याची, चोळू द्याचा न्हाई अजिबात. दार-खिडकी लावून निजवा. आन चारची यष्टी गाठून तालुक्याला डाक्टरकडं न्या. आजच. डोळ्याच्या कामात उद्या म्हनू नये."

"बघते," बाई म्हणाल्या.

आई पातेली घासायला निघून गेली. मी तिथंच राहिले. शाळा सुटल्यावर बाईंच्या खोलीत राहणं, चिन्मयला खेळवणं, बाईंच्या अक्षरासारखं अक्षर गिरवणं हेच माझं त्या वर्षीचं सगळं सुख होतं. बाई केस धुवायच्या तो साबण मी जत्रेत शोधून आणला होता. बाई 'अगदी' म्हणायच्या म्हणून मीही 'अगदी' म्हणायचे आणि आई हसायची.

चारची एसटी आली आणि गेली. बाई तालुक्याला गेल्या नाहीत, कारण तालुक्याला त्यांच्या सासूबाई राहत होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. बाईंचे यजमान पुण्याला कंपनीत, बाई इथं, आणि माई दर दुसऱ्या रविवारी नातवाला बघायला यायच्या. "नोकरी तरी कर नाहीतर पोर तरी सांभाळ," हे त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. दिवाळीत चिन्मयचा हात भाजला होता, तेव्हा माईंनी बजावलं होतं की आता पुन्हा काही झालं तर नातू माझ्याकडे येईल आणि माझ्याकडेच राहील. तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलं की माईंच्या कानावर जायला संध्याकाळसुद्धा लागली नसती.

"सारिका, त्या फळीवरचा पत्र्याचा डबा दे," बाई म्हणाल्या.

डब्यात डोळ्यात घालायच्या औषधाची एक छोटी बाटली होती. अर्धी रिकामी, झाकणाला पिवळट खळ धरलेली. माईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळची.

मी बाटलीवरचं वाचलं. औषधाची तारीख बघितल्याशिवाय औषध घ्यायचं नाही, हे बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं. "बाई, यावर मागच्या मार्चची तारीख आहे."

"शहाणपणा नको. डोळ्याचंच औषध आहे ना? डोकं धर त्याचं."

मी डोकं धरलं. बाईंनी दोन थेंब घातले. चिन्मय किंचाळला आणि माझ्या हाताला चावला. माझ्यासमोर त्यांनी आणखी दोनदा ते घातलं.

रविवारी सकाळी त्याचा डोळा उघडेना. पापणी सुजून जांभळी झालेली, कडेला घाण चिकटलेली, आणि उजेड आला की पोर तोंड भिंतीकडे फिरवायचं. बाई ओल्या कापसानं डोळा पुसत होत्या आणि रडत होत्या. मला त्यांची इतकी दया आली की मीही रडायला लागले. तेवढ्यात नऊची एसटी आली आणि तिच्यातून लाडवांचा डबा घेऊन माई उतरल्या.

त्यांनी नातवाला कडेवर घेतलं, डोळा पाहिला, आणि त्याला घेऊन थेट शाळेच्या अंगणात आल्या. हापशावर बायका होत्याच. मुळीक सर रविवारी शाळेच्या झाडांना पाणी घालायला यायचे, तेही बादली ठेवून पुढे आले.

"काय केलंस माझ्या पोराचं? काय घातलंस डोळ्यात?" माई ओरडल्या.

"मी काही नाही घातलं," बाई म्हणाल्या.

"मग आपोआप सुजला का?"

बाईंनी एकदा माईंकडे पाहिलं, एकदा मुळीक सरांकडे. मग त्या म्हणाल्या, "भामाबाईंनी जीभ लावली. मी नको नको म्हणत होते. तरी लावली."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं बाई दुसऱ्याच कुठल्या भामाबाईंबद्दल बोलतायत.

"बोलवा तिला," मुळीक सर म्हणाले.

गिरजाकाकूच धावत गेली बोलवायला. अशा कामाला पाय कुणाचे दुखत नाहीत. आई भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातानंच आली. तिला वाटलं, चिन्मयला काही झालं. आल्या आल्या ती त्याच्याकडे झेपावली, "बघू माज्या राजा, आरं देवा, न्हेलं न्हाई व्हय डाक्टरकडं?"

"हात लावू नकोस!" माईंनी पोर मागे ओढलं. "त्याच्या डोळ्याला जीभ लावलीस ना तू?"

आई थबकली. "मी? न्हाई. मी नुसतं बगितलं. बाई, सांगा की."

बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "सारिका होती तिथे. तिलाच विचारा."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आजवर हा हात मी कितीतरी लोकांना वर्णन करून सांगितला आहे. गार होता, आणि त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. वर्गात चांगला निबंध लिहिला की बाई असाच हात ठेवायच्या.

मुळीक सर माझ्यापुढे वाकले. "खरं सांग, बाळ. तुझ्या आईनं जीभ लावली का?"

मी मान डोलावली.

एकदाच, आणि ती हो म्हणणारी होती. मी आईकडे पाहिलं नाही, पण ती माझ्याकडे पाहतेय हे मला कळत होतं. आता ती बोलेल, बाटलीबद्दल नाही तरी बंद दाराबद्दल तरी बोलेल, बाईंनीच गळ घातली होती ते सांगेल, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तिनं ते सांगावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते.

आईनं हातावरचं पीठ चोळून काढलं. म्हणाली, "पोरगी म्हणती तर आसंल."

आणि ती घरी गेली.

त्यानंतर वडापची जीप ठरवून आम्ही तालुक्याला गेलो. चिन्मय माझ्याशिवाय राहीना म्हणून मलाही जीपमध्ये घातलं. दवाखान्यात माई बाहेरच्या बाकावर बसल्या. आत डॉक्टर, बाई, चिन्मय आणि त्याला धरायला मी.

डॉक्टरांनी डोळ्यात पिवळं औषध सोडून निळ्या उजेडात पाहिलं. "साधा ओरखडा होता," ते म्हणाले. "दोन दिवसांत आपोआप भरला असता. हे नंतर चिघळलंय. घरी काही घातलं होतंत का? खरं सांगा, नाहीतर मी आंधळेपणानं औषध देईन."

बाईंनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग त्यांनी पर्स उघडली आणि ती बाटली काढून टेबलावर ठेवली.

म्हणजे सकाळपासून ती त्यांच्या पर्समध्येच होती. अंगणात मला विचारलं तेव्हाही खोलीतल्या खुंटीवर ती पर्स लटकत होती.

"हे ओरखड्यावर घालायचं नसतं हो," डॉक्टर म्हणाले. "आणि हे तर कधीचं जुनं! शिक्षिका ना तुम्ही?" त्यांनी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली, नवीन औषध लिहून दिलं. "आठ दिवस नियमानं घाला. नजरेला काही होणार नाही."

बाहेर माईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"जिभेचाच प्रताप म्हणाले," बाई म्हणाल्या. माझ्यादेखत, आवाज जराही न हलता.

परत येताना जीपमध्ये चिन्मय माझ्या मांडीवर झोपला होता. माई पुढे बसल्या होत्या. बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "तू शहाणी मुलगी आहेस. आईचं काही होणार नाही, मी मुळीक सरांशी बोलेन. अगदी नक्की."

मी विश्वास ठेवला. सोमवारी आई खिचडी करायला गेली तेव्हाही मी विश्वास ठेवूनच वर्गात बसले होते. मंगळवारी शाळेच्या फलकावर कागद लागला. 'आरोग्याच्या कारणास्तव श्रीमती भामाबाई यांना पोषण आहाराच्या कामातून कमी करण्यात येत आहे.' खाली मुळीक सरांची सही होती. पण अक्षर बाईंचं होतं. प्रत्येक काना सरळ, प्रत्येक वेलांटी गोल. मी ते अक्षर वर्षभर गिरवलं होतं, मला ते अंधारातही ओळखू आलं असतं.

खिचडीचं काम गेलं ते एक. पण जास्त वाईट झालं ते दुसरंच. गिरजाकाकू आमच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "माज्या नातवाला न्हाई म्हनलीस, आन बाईच्या पोराला बरी लावलीस गं जीभ! गरिबाचं पोर पोर नव्हं व्हय?" याला उत्तर द्यायचं तर आईला मला खोटं पाडावं लागलं असतं. त्यानंतर डोळ्यात काही गेलं तर लोक आमच्या दारावरून सरळ पुढे जायचे. उकळलेलं पाणी मागायलासुद्धा कुणी आलं नाही. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायला लागली. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

चिन्मयचा डोळा आठ दिवसांत स्वच्छ झाला. तो पुन्हा गंजीवर चढायला लागला. जूनमध्ये बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि "खूप शीक" म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले नाही. वर्गात मी एकटीच तशी उभी राहिले, आणि याचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता.

मी खूप शिकले. आता मी साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. आणि देशमाने बाईंची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. मैत्रिणींना सांगितली, नवऱ्याला लग्नानंतर आठच दिवसांत सांगितली. बंद दार, बाटली, पर्स, फलकावरचं अक्षर, सगळं तपशीलवार. ऐकणारे हळहळायचे. फक्त अंगणातल्या प्रसंगाला आले की मी म्हणायचे, "माझ्या तोंडून शब्दच फुटेना." ते खोटं नव्हतं. शब्द फुटला नव्हताच. मानेचं मी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. पेपरात बातमी होती, बाईंना जिल्ह्याचा आदर्श शिक्षिका पुरस्कार मिळाला होता. फोटोत केस पांढरे झालेले, शाल, नारळ. माझं डोकंच फिरलं.

"बघ, बघ त्या बाईंना!" मी पेपर आईपुढे आपटला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि आता शाली पांघरतायत! माणसानं इतकं निर्लज्ज असावं? तुझं काम गेलं, नाव गेलं, गावानं तुला वाळीत टाकल्यासारखं केलं, आणि ह्या बाईला एकदासुद्धा वाटलं नाही की येऊन पाय धरावेत!"

आई ओसरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं पेपर लांब धरून फोटो पाहिला. "म्हातारी झाली की गं," म्हणाली.

"तुला राग कसा येत नाही आई?"

"आला की. लई आला हुता." तिनं पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि पुढची शेंग हातात घेतली. "पर तिचं मी कवाच सोडलं. तिला सासूचं भ्या हुतं. पोर न्हेलं आसतं तिचं. आईनं पोरासाठी खोटं बोलावं, त्यात काय नवल? मी बी बोलली आसती."

शेंग तशीच तिच्या हातात राहिली. तिनं मान वर केली.

"तुला कुणाचं भ्या हुतं गं, सारे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि मी काय म्हणते याची वाट बघत होती.